मामाचे गुपित

नावे ठेवण्याची हौस आपल्या लोकांना पूर्वापार आहे. पण संगणकाने ही विद्या फारच पुढे नेली. तो आधी आपल्या नावाला नाव ठेवतो आणि वर आपल्या आईचे नाव विचारतो!

पुराणातल्या नळराजाला कलीने छळले. कॅलिफोर्नियातल्या नळाला संगणकाने छळले. संगणकाच्या भाषेत ‘नल’ म्हणजे रकाना रिकामा. तिथल्या एका गृहस्थाने, आणि गृहस्थ संगणक-सुरक्षेचाच जाणकार बरे का, हौसेने मोटारीच्या पाटीवर ‘नल’ अशी अक्षरे घेतली. मग काय विचारता! दंडाच्या ज्या पावतीवर मोटारीचा नंबर लिहायचा राहिला, ती पावती याच्या दारी! 2019 साली त्याने ही कर्मकहाणी जाहीर सभेत सांगितली, तेव्हा दंडाचा आकडा 12,000 डॉलरांवर गेला होता. ज्यांचे आडनावच नल, त्यांना तर कित्येक अर्ज म्हणतात, “कृपया आडनाव भरा.”

खरी गंमत पुढेच आहे. परवलीचा शब्द विसरला की यंत्र दरडावते, “आईचे माहेरचे आडनाव सांगा.” हे म्हणे गुपित! अहो, आमच्याकडे लग्नपत्रिकेत मामांची नावे आडनावासकट छापतात, त्या पत्रिका गावभर वाटतात, आणि मंगलाष्टकांच्या वेळी मामा स्वतः वधूच्या पाठीशी उभे राहतात. मांडवातल्या आचाऱ्यालाही जे ठाऊक, ते म्हणे तिजोरीचे कुलूप!

साहेबाच्या देशात तरी गुपिते टिकतात का? 2008 साली सारा पेलिनबाई अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. एका विद्यार्थ्याने त्यांची टपालपेटी उघडली. प्रश्न होते जन्मतारीख, टपालाचा पिनकोड आणि यजमान प्रथम कोठे भेटले. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या बाईंची ही माहिती साऱ्या जगापुढे होतीच. त्याने ती शोधली आणि भरली, झाले.

गूगलच्या संशोधकांनी 2015 साली हिशेबच मांडला. ‘आवडता पदार्थ कोणता?’ या प्रश्नाचे इंग्रजी बोलणाऱ्यांचे उत्तर पहिल्याच अंदाजात ओळखण्याची शक्यता 19.7 टक्के. उलट, अमेरिकेतल्या 40 टक्के इंग्रजी भाषकांना गरजेच्या वेळी स्वतःचेच उत्तर आठवेना. म्हणजे चोराला येते आणि धन्याला येत नाही! तेव्हा दिवाळीनिमित्त एक सल्ला: असा प्रश्न आलाच तर चकली लिहू नये. ती साऱ्यांनाच आवडते. काहीतरी भलतेच लिहावे आणि ते वहीत टिपून ठेवावे.

हसता हसता एक गोष्ट मात्र मनाला लागते. सासरी आलेल्या मुलीचे आडनावच काय, पहिले नावही बदलायची आमच्याकडे चाल होती. आमच्या शेजारच्या आजींचे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि बँकेच्या पासबुकात दुसरे. आजोबा गेल्यावर पेन्शन अडली, कारण यंत्राच्या मते त्या दोन निराळ्या बायका. पन्नास वर्षांत ज्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती, ते नाव प्रथम पुसले ते यंत्राने, आणि तेही संशयाने! खिडकीवरचा कारकून म्हणाला, “आजी, दोन्ही नावे तुमचीच, याचा पुरावा?”

आजी म्हणाल्या, “अरे बाळा, मीच आले आहे की!”

या उत्तराला मात्र यंत्रात रकाना नव्हता.