साग आपला, पण लाकूड परदेशातलं



कापसाचं गणित बसेना म्हणून पाचोरा-भडगावकडचे बरेच शेतकरी विचारतात, "भाऊ, बांधावर साग लावू की बांबू?" उत्तराआधी दोन देशांचा हिशोब बघू. एक आपला, दुसरा व्हिएतनामचा.

1990 च्या सुमारास दोघांचंही जंगल घटलेलं. व्हिएतनाममध्ये ते जमिनीच्या 28 टक्क्यांवर आलं होतं. त्यांनी 1992 मध्ये गोल लाकडाची निर्यात बंद केली. आपल्याकडे 1988 चं वन धोरण आलं, 1996 मध्ये गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जंगलतोडीला लगाम घातला. इथपर्यंत वाट सारखीच.

पुढे फाटा फुटला. व्हिएतनामने 1993 च्या जमीन कायद्याने कुटुंबांना वनजमीन 50 वर्षांसाठी वापरायला दिली. लोकांनी त्यावर अकेशिया लावला. पाच-सहा वर्षांत तोड, जवळ कारखाना. 2000 साली त्यांची लाकूड-फर्निचरची निर्यात पाव अब्ज डॉलरही नव्हती, 2022 मध्ये ती 16 अब्जांच्या आसपास गेली. आणि जंगल? ते वाढून 42 टक्के झालं.

आपण काय केलं? जंगल राखलं, ते बरोबरच. पण लाकडाची भूक बाहेरून भागवली. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकूड देणं थांबवलं, तर इक्वेडोर, पनामा, घानाचा साग आणू लागलो. साग मूळचा आपला, पिकवतात ते, विकत घेतो आपण!

इथल्या शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर साग वाढवला तर तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी, मग मोजणी, मग वाहतूक परवाना. या फेऱ्यांना कंटाळून माणूस उभी झाडं ठोक भावात ठेकेदाराला देऊन टाकतो. वीस-पंचवीस वर्षं झाड आपण सांभाळायचं, कमाई दुसऱ्याची.

बांबूचंही तेच. शास्त्राप्रमाणे ते गवत, पण कायद्यात 2017 पर्यंत झाड होतं. त्यातच 2011 मध्ये बांबूकाडीवरचं आयात शुल्क 30 वरून 10 टक्के झालं आणि व्हिएतनाम-चीनचा माल धो धो आला. देव्हाऱ्यातल्या अगरबत्तीची काडीसुद्धा परदेशी! 2019 मध्ये अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले, 2020 मध्ये काडीवरचं शुल्क 25 टक्के झालं. तोवर इथले काडी करणारे कित्येक हात रिकामे झाले होते.

म्हणून व्हिएतनामची हुबेहूब नक्कल करा असं मी म्हणत नाही. तिथे पाऊस दीड-दोन हजार मिलिमीटर, आपल्याकडे सात-साडेसातशे. त्यांचा बराच माल भुसा-चिप्स म्हणून स्वस्तात जातो. निम्म्याहून जास्त निर्यात एकट्या अमेरिकेला, त्यामुळे 2023 मध्ये तिथली मागणी घटताच निर्यात घसरली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलं की काय होतं, ते कापूसवाल्याला वेगळं सांगायला नको.

माझं मत सरळ आहे. झाड लावण्याचं अनुदान नंतर द्या, आधी विकण्याची वाट मोकळी करा. सातबाऱ्यावर नोंद असलेला, स्वतःच्या मालकीतला साग तोडायला ठरलेल्या दिवसांत परवानगी मिळालीच पाहिजे. आणि बांबू घेणारा कारखाना जिल्ह्यात हवा, नाहीतर भाड्यातच पैसे जातात.

तोवर आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडंही नोंदवा, दरवर्षी. उद्या परवानगी मागताना तोच पुरावा कामी येईल. आणि बांबूची रोपं विकायला कोणी आलं, तर रोपाच्या भावाआधी एवढंच विचारा : काठी कोण घेणार, कुठे घेणार, काय भावाने? लेखी देतो म्हणाला तरच खड्डे खोदा.

तुमच्यापैकी कोणी बांधावरचा साग स्वतः परवाना काढून विकलाय का? किती दिवस लागले, हातात किती पडले, ते जरूर सांगा. सगळ्यांच्या उपयोगी पडेल.