‘घरीच असते मी’

नाहूरला आमचा बचत गट महिन्यातून एकदा जमतो. परवा फॉर्म भरताना एका मैत्रिणीला विचारलं, ‘व्यवसाय काय लिहू?’

‘काही नाही गं, घरीच असते मी. लेकसुद्धा शाळेत सांगते, आई काही करत नाही.’

दुसरी पटकन म्हणाली, ‘मी दोन घरी पोळ्या लाटते, ते काम. घरी येऊन तशाच पोळ्या लाटते, ते मात्र काम नाही. असं कसं?’

सगळ्याच गप्प झालो. खरंच, काम कशाला म्हणायचं? पैसे मिळतात त्याला, की कुणाची भूक भागते त्याला? एक ताई म्हणाल्या, ‘घरच्यांचं मायेनं करतो, त्याचा हिशेब कसला?’ पटलं. पण माया असली म्हणून कंबर दुखायची थांबते का?

सरकारने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. आपल्या ‘काही नाही’चे हे जवळजवळ पाच तास!

तत्त्वज्ञान जाडजूड ग्रंथांतच असतं, असं आपल्याला वाटतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांना आयुष्याचा अर्थ उमगला. मग आपल्याला पोळपाटापाशी प्रश्न का पडू नयेत?

‘दे तो फॉर्म,’ मैत्रीण म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने ‘गृहिणी’ लिहिलं.

मैत्रिणींनो, आज रात्री जेवताना घरात विचारून बघा, काम कशाला म्हणायचं? उत्तराची घाई नको.