कॉम्प्युटर अचानक बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

घरचा कॉम्प्युटर चालता चालता एकदम बंद पडायला लागला, की वाटतं आता नवीनच घ्यावा लागणार. इतक्यात घाबरू नका. अनेकदा बिघाड लहान असतो आणि घरच्या घरी सापडतो.

पण त्याआधी एक काम करा. घरचे फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, दुकानाचा हिशोब, जे पुन्हा मिळणार नाही ते आजच पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. मध्येच वीज तुटली की त्या क्षणी सेव्ह होत असलेली फाइल खराब होऊ शकते. कॉपी करताना बंद पडत असेल तर थोडं थोडं घ्या, सगळ्यात महत्त्वाचं आधी.

मग एक वही घेऊन शेजारी ठेवा. बंद पडला की लिहा. किती वाजता? चालू केल्यावर किती वेळानं? तेव्हा काय चाललं होतं? घरात मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर लागली होती का? पुढचं सगळं याच नोंदींवर ठरतं. त्यात कंटाळा करू नका.

स्क्रीन काळी झाली तर कॅबिनेटचा दिवा बघा. दिवा आणि पंखा चालू असेल तर कॉम्प्युटर बंद पडलेला नसतोच. मॉनिटर किंवा त्याची केबल तपासा. ‘शटिंग डाउन’ असं दाखवून शिस्तीत बंद होत असेल तर विंडोजच्या अपडेटकडे आणि पॉवरच्या सेटिंगकडे बघा. निळी स्क्रीन आली तर मोबाइलवर तिचा फोटो काढा.

एका क्षणात सगळंच गेलं, तर वायरपासून सुरुवात करा. कॅबिनेटच्या मागची जाड काळी वायर लादी पुसताना धक्का लागून सैल होते. ती दाबून घट्ट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड काढा आणि दोन दिवस थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. पिन गरम लागत असेल, सॉकेटवर काळा डाग असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. ते आधी करून घ्या, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. तीन पिनच्या वायरला दोन पिनचा जुगाड कधीच करू नका.

आता यूपीएस. कॉम्प्युटरवर खर्च होतो आणि दोष निघतो यूपीएसचा, असं पुष्कळ घरांत होतं. आतली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. मग लाइट क्षणभर लवली तरी कॉम्प्युटर झोपतो. तपासणं सोपं आहे. सगळं सेव्ह करून फाइली बंद करा आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. कॉम्प्युटर लगेच गेला तर बॅटरी संपली असं समजा. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. तिच्यात शिसं असतं, कचऱ्यात टाकू नका. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका, एवढा भार त्याला झेपत नाही. घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

वहीत असं दिसलं, की चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतो, किंवा मुलगा गेम खेळायला बसला की पडतो, तर कारण बहुधा उष्णता. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून कॉम्प्युटर स्वतःच वीज तोडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करू नका. निवू द्या.

मग साफसफाई. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेट गॅलरीत न्या आणि बाजूचं झाकण उघडा. प्रोसेसरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. त्यांच्यात धूळ गोधडीसारखी जमलेली दिसेल. कॉम्प्युटर स्वयंपाकघराजवळ असेल तर फोडणीच्या धुरानं ती चिकटही झालेली असते. रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशनं हळूहळू काढा. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं नको, व्हॅक्युम क्लीनर नको. नंतर झाकण लावण्याआधी एकदा चालू करून लांबून बघा. सगळे पंखे फिरतात का? प्रोसेसरचा पंखा अडकत असेल तर तो बदलावाच लागेल. पंखा ठीक आणि तरी तापतोय, तर त्याखालची पेस्ट वाळली असेल. ती मेकॅनिककडून लावून घ्या.

कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात कोंबू नका. मागे वीतभर जागा सोडा. धूळ बसू नये म्हणून घातलेलं कव्हर चालू करण्याआधी काढा.

एवढं करूनही बंद पडतोय? मग एक शेवटची परीक्षा. चालू करताना डिलीट किंवा एफ २ हे बटण दाबत राहा. विंडोज सुरू होण्याआधीची, बायॉसची स्क्रीन येईल. तिथेच अर्धा तास राहू द्या. तिथेही बंद पडला तर दोष विंडोजचा नाही, व्हायरसचाही नाही. मग ‘फॉरमॅट मारून देतो’ असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. फॉरमॅटमध्ये तुमचा डेटा जाईल आणि बिघाड तसाच राहील. याच स्क्रीनवर बहुतेक वेळा तापमानही दिसतं. कॉम्प्युटर नुसता चालू असताना ते ८० अंशांच्या वर चढत असेल तर उष्णतेचाच प्रश्न आहे.

आता उरतात एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), रॅम आणि मदरबोर्ड. ही कामं मेकॅनिकची. एसएमपीएसचा डबा घरी अजिबात उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो.

दुकानात वही आणि निळ्या स्क्रीनचा फोटो असेल तर तोही बरोबर न्या. आधी दुकानातला चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवायला सांगा. बिघाड नक्की झाल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नका. बदललाच तर जुना परत मागून घ्या. नव्याचं बिल घ्या आणि वॉरंटी किती वर्षांची ते त्यावर लिहून घ्या.