नोंद नसलेल्या ज्ञानाचे वारस

नागपंचमीच्या दिवशी मालवणच्या किनारपट्टीवर घराघरांत हळदीच्या पानांत पातोळे वाफवले जातात. विळीवर बोट कापले की त्याच हळदीची पूड जखमेवर दाबली जाते. यात काही विशेष ज्ञान आहे असे त्या घरातील आजीला कधी वाटले नाही आणि तिने ते कुठे लिहूनही ठेवले नाही. मात्र मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर हा नवा शोध ठरवला आणि मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला क्रमांक ५४०१५०४ चे पेटंट बहाल केले. पेटंटच्या कागदावर संशोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती, ते दोघेही मूळचे भारतीयच होते. आत्मविस्मृतीचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदाची सूत्रे हाती घेतली. तेरेखोलची खाडी ओलांडून पलीकडे गेले की गोव्यातील फोंडा तालुक्यात त्यांचे माशेल हे गाव लागते. पितृछत्र बालपणीच हरपलेल्या या मुलाला आईने मुंबईत कष्टाने वाढवले. पालिकेच्या मराठी शाळेतून पुढे आलेला हा विद्यार्थी रसायन अभियंता झाला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि तेथून दिल्लीला परिषदेच्या शीर्षस्थानी गेला. हा प्रवास मराठी वाचकांना परिचित आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने केलेली कृती. परिषदेने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात या पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज दाखल केला. अर्जासोबत कुठलीही घोषणा नव्हती, होते ते ३२ संदर्भ. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दूतील जुन्या ग्रंथांचे दाखले होते, तसेच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटाचे दावे फेटाळले. एका विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतल्याची ही पहिलीच घटना मानली जाते.

हा विजय हळदीचा होता, त्याहून अधिक तो लिहिलेल्या कागदाचा होता. तत्कालीन अमेरिकी कायद्यात अमेरिकेबाहेरचा वापर, तो कितीही जुना आणि सार्वत्रिक असला तरी, छापील स्वरूपात नोंदलेला नसेल तर पुरावा म्हणून गणला जात नसे. कोट्यवधी भारतीय मातांचा रोजचा अनुभव त्या कायद्याच्या लेखी शून्य होता, आणि एका नियतकालिकाचे जुने पान मात्र प्रमाण होते. २०१३ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने हे भौगोलिक बंधन काढून टाकले. तरीही सिद्ध करण्याची वेळ आली की पुन्हा कागदच शोधावा लागतो. हळदीच्या बाबतीत तो सापडला, कारण आपल्या पूर्वजांनी हळदीवर लिहून ठेवले होते.

परिषदेच्या माजी नेतृत्वाकडे पाहताना आपल्याकडे पदव्या, पुरस्कार आणि प्रयोगशाळांची संख्या मोजण्याची रीत आहे. त्यांच्या कार्यातील एक धागा मात्र सहसा नजरेआड होतो. पहिले संचालक डॉ. शांतिस्वरूप भटनागर हे २६ सप्टेंबर १९४२ रोजी स्थापन झालेल्या परिषदेचे शिल्पकार. रावळपिंडीजवळच्या तेलविहिरींतील चिखलाचा प्रश्न सोडवल्याबद्दल एका ब्रिटिश कंपनीने त्यांना दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी ते स्वतःसाठी न घेता विद्यापीठातील संशोधनाला दिले. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. पण बनारस हिंदू विद्यापीठाचे हिंदी कुलगीत याच रसायनशास्त्रज्ञाने रचले, हे किती जणांना ठाऊक आहे? प्रयोगशाळेत इंग्रजी आणि अंतःकरणात स्वभाषा, अशी फाळणी त्या पिढीने मान्य केली नव्हती.

१९६६ ते १९७१ या काळात परिषदेची धुरा वाहणारे डॉ. आत्माराम हे त्याच वळणाचे. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यांसाठी लागणारी प्रकाशीय काच बनवण्याचे तंत्र मोजक्या देशांच्या मुठीत होते आणि ते देण्यास कुणी तयार नव्हते. कोलकात्याच्या काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत आत्माराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्वबळावर सिद्ध केले. विज्ञान हिंदीत लिहिले गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. केंद्रीय हिंदी संस्थेचा विज्ञानलेखनाचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांच्यानंतर आलेले डॉ. यलवर्ती नायुडम्मा चर्मशास्त्राचे तज्ज्ञ. ज्या व्यवसायाकडे समाजाने नाक मुरडले, त्या कातडी कमावणाऱ्याच्या अंगणात त्यांनी प्रयोगशाळा नेली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या कनिष्क विमानात दहशतवाद्यांनी घडवलेल्या स्फोटात देशाने हा शास्त्रज्ञ गमावला. ऑगस्ट २०२२ मध्ये महासंचालक झालेल्या डॉ. एन. कलैसेल्वी या परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक. तमिळनाडूतील एका छोट्या गावात तमिळ माध्यमातून त्यांचे शालेय शिक्षण झाले. मातृभाषेत शिकलेला विद्यार्थी विज्ञानात मागे पडतो, असे आजही ठामपणे सांगणाऱ्या पालकांनी ही नावे एकदा ओळीने वाचावीत.

माशेलकरांच्या कारकिर्दीवर मतभेद नव्हते असे नाही. परिषदेच्या प्रयोगशाळांनी पेटंटे घ्यावीत, बाजारात उतरावे, हा त्यांचा आग्रह स्वदेशीच्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना जागतिक व्यापार करारापुढची शरणागती वाटला. पेटंट कायद्यासंबंधी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवालही २००७ मध्ये त्यांना मागे घ्यावा लागला. पण ज्याच्याशी लढायचे त्याची भाषा, त्याचा कायदा आणि त्याचे रकाने शिकून घेतल्याशिवाय लढता येत नाही, ही त्यांची भूमिका काळाच्या कसोटीवर टिकली. केवळ निषेधाचे ठराव करून हळद परत आली नसती.

हळदीच्या लढ्यातून पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील लक्षावधी नोंदी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत, पेटंट परीक्षकाला समजेल अशा स्वरूपात मांडल्या गेल्या. २००९ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाला ते परीक्षणासाठी खुले झाले. तेव्हापासून अनेक अर्ज परीक्षणाच्या टप्प्यावरच अडले. हे काम थोर आहे, यात शंका नाही. पण त्याची मर्यादाही त्याच्या स्वरूपातच आहे. ते प्रामुख्याने ग्रंथांतून उभे राहिले आहे. चरक-सुश्रुतांचे वचन त्यात आहे. देवबागच्या वाळूत रापण ओढणाऱ्या मच्छिमाराचे, डोंगराकडेच्या वाडीतील वैदूचे किंवा मे महिन्यात अंगणभर सोले वाळत घालणाऱ्या गृहिणीचे त्यात काय आहे?

सिंधुदुर्गासाठी हा प्रश्न काल्पनिक नाही. कोकमाचेच पाहा. रातांबे फोडून बिया काढायच्या, साली त्यांच्याच रसात मिठासह पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायच्या, रसाचे आगळ करायचे, बियांपासून तेल काढून ते भेगाळलेल्या टाचांना लावायचे, अंगावर पित्त उठले की कोकमाचे पाणी चोळायचे, हे सारे येथील घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोकमाच्या मलबारी भावंडातील मुख्य आम्ल कोणते, हे १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी निश्चित केले. ती संस्था याच परिषदेची. तोवर ते सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल समजले जाई. ते निघाले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, आणि तेच कोकमाच्या सालीतही आहे. पुढच्या दशकात परदेशी औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा त्या आम्लाच्या मागे लागल्या. नव्वदीत अमेरिकेत ‘गार्सिनिया’च्या नावाने वजन घटवणाऱ्या गोळ्यांचा बाजार फुलला. शोध म्हैसूरचा, फळ आपल्या घाटाचे आणि बाटलीवरचे नाव भलत्याचेच!

येथे थोडे थांबून आपल्यातील उत्साही मंडळींना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या आम्लाची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली आणि नुसत्या गोळीहून अधिक वजन त्याने घटत नाही, असा निष्कर्ष निघाला. तरीही आज मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत कोकम हे स्थूलतेवरचे ऋषिमुनींनी सांगितलेले औषध असते. असले संदेश पुढे ढकलणारे परंपरेची सेवा करत नाहीत. आजी कोकम पित्तावर देत होती, वजनावर नव्हे. तिने जे सांगितले तेच नोंदवायचे, जे सांगितले नाही ते तिच्या तोंडी घालायचे नाही आणि जे नोंदवले ते तपासायला द्यायचे, हीच परिषदेच्या प्रयोगशाळांची शिस्त आहे. एका खोट्या दाव्यामुळे दहा खरे दावे संशयाच्या पिंजऱ्यात उभे राहतात.

‘सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम’ आणि ‘वेंगुर्ला काजू’ यांना भौगोलिक निर्देशांक मिळाले, त्याचा अभिमान रास्तच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखे कोकमाचे वाण दिले, तेही मोलाचे. पण निर्देशांक नावाचे रक्षण करतो, ज्ञानाचे नाही. ज्ञानाच्या रक्षणाची तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी. हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत दिल्यावर देशभर धावपळ उडाली. मुदत गाठण्यासाठी भरलेल्या वह्यांत आंबा, फणस, काजू ही नावे असतात. कोणत्या घराण्याला कोणती मुळी ठाऊक आहे आणि ती कोणत्या ऋतूत काढायची, हे क्वचितच असते. त्यातच २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाला लाभाच्या वाटणीच्या बंधनातून सूट दिली. म्हणजे वाट्याचा हक्क उरला तो मुख्यतः अलिखित ज्ञानाच्या धारकाला, आणि त्याच्याकडेच दाखवायला कागद नाही.

लिहून ठेवले तर चोराला आयतेच सापडेल, ही भीती गावोगावी बोलून दाखवली जाते आणि ती अनाठायी नाही. २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिजिटल ग्रंथालय पेटंट कार्यालयांपलीकडील वापरकर्त्यांनाही खुले करण्यास मान्यता दिली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा पुढे आला. त्यावर उपाय न लिहिणे हा नव्हे. वही गावाच्या ताब्यात असावी, ज्याचे ज्ञान त्याचे नाव आणि नोंदीची तारीख तिच्यात असावी, आणि कोणती नोंद उघडी ठेवायची हे ग्रामसभेने ठरवावे. मौनाने ज्ञान सुरक्षित राहत नाही, ते त्या माणसाबरोबर स्मशानात जाते.

मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली येथे महाविद्यालये आहेत. वनस्पतिशास्त्राचे आणि मराठीचे प्राध्यापक आहेत, सुट्टीत घरी येणारे शेकडो विद्यार्थी आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली सागरी विज्ञानाची परिषदेची राष्ट्रीय संस्था शेजारच्या दोनापावल्याला आहे. मालवणच्या समुद्रातील एक भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून घोषित आहे, आणि त्या पाण्याचा रंग, वारा व ओढ पाहून मासळीचा अंदाज बांधणारी माणसे अजून दांडीच्या किनाऱ्यावर भेटतात. त्यांची मुले यांत्रिक नौकांवरील पडद्यांकडे पाहून जाळे टाकतात आणि नातवंडे मुंबई-पुण्यात नोकरी करतात. ही नोंद मालवणीतच व्हायला हवी, कारण वाऱ्याची, माशाची, चिखलाच्या पोताची जी नावे मालवणीत आहेत ती प्रमाण मराठीत आणताना निम्मा अर्थ गळून जातो. अनुवाद नंतर होईल, पाच भाषांत होईल. आधी ज्या तोंडून ज्ञान निघते, त्या तोंडच्या शब्दांत ते कागदावर यावे लागेल.

एप्रिलच्या मध्यावर रातांबे उतरू लागतात आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर हंगाम आटोपतो. या सहा-सात आठवड्यांत एका गावातील दहा घरांत जाऊन बसायला चार विद्यार्थी, एक शिक्षक आणि एक वही पुरेशी आहे.