वाकाटकांचे ताम्रपट कोणी वाचायचे?

लकडगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाकडाचे व्यापारी राहतात. तीन पिढ्यांचा सागवानाचा धंदा, घरात देवधर्म, दारात नेहमी कोणी ना कोणी वर्गणीसाठी उभा आणि कोणीही विन्मुख जात नाही असा लौकिक. गेल्या उन्हाळ्यात ते सायंकाळी घरी आले. मुलीला बारावीत उत्तम गुण होते. तिला प्राचीन भारतीय इतिहास शिकायचा होता. ताम्रपट वाचायचे होते. "भाऊ, पोरगी हट्टाला पेटली आहे. तुम्ही कला शाखेचे. तुम्हीच समजावा तिला," असे म्हणून ते बसले. समजवायचे म्हणजे परावृत्त करायचे, हे दोघांनाही ठाऊक होते. मी तिला परावृत्त केले नाही. परंतु त्या संभाषणाने माझ्या मनात जो संताप उभा केला, तो येथे मांडल्यावाचून राहवत नाही.

नागपूरपासून पन्नास किलोमीटरच्या टापूत, रामटेक, मनसर आणि नगरधन या तीन ठिकाणी, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांतील एका हिंदू साम्राज्याचे हृदय होते. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता या घराण्यात राणी म्हणून आली आणि पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्य चालवले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे, आणि तो रामगिरी म्हणजे आपले रामटेक. एका स्त्रीने स्वतःच्या नावाने दानपत्र द्यावे, आणि त्यात सासरच्या आधी माहेरची वंशावळ सांगावी! हिंदू समाजात स्त्रीला स्थान नव्हते असे उठता-बसता सांगणाऱ्यांच्या तोंडावर फेकावा असा हा पुरावा आहे. पण फेकण्यापूर्वी तो वाचता यावा लागतो.

आता हा इतिहास गेल्या चाळीस वर्षांत कोणी लिहिला ते पाहू. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला ग्रोनिंगेन नावाचे शहर आहे. १६१४ साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ. तेथील प्राध्यापक हान्स बाकर यांनी रामटेकच्या शिलालेखांवर १९८९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेखाचे संपादन त्यांनी हारुनागा आयझॅकसन यांच्यासह १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. १९९७ मध्ये त्यांचा वाकाटकांच्या मूर्तिविधानावरचा ग्रंथ आला. मनसरच्या उत्खननावर चर्चा करण्यासाठी विद्वान २००८ साली जमले ते नागपुरात नव्हे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याच ग्रोनिंगेनमध्ये स्कंदपुराणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि पहिला खंड १९९८ मध्ये निघाला. नेपाळात जतन झालेल्या, इसवी सन ८१० च्या तालपत्रावरील हस्तलिखिताच्या आधारे ते काम उभे आहे. आपल्या घरोघरी स्कंदपुराण म्हणून जो छापील ग्रंथ आहे, त्याहून हे प्राचीन पुराण निराळे आहे, ही गोष्ट आपल्या किती कीर्तनकारांना माहीत असेल? पुढे या कामाची धुरा लायडन विद्यापीठातील पीटर बिसखोप यांच्याकडे गेली. तेथे प्राध्यापक निवृत्त होतो, परंतु काम थांबत नाही. दुसरा माणूस आधीच तयार केलेला असतो.

येथे काही वाचक म्हणतील, पाश्चात्त्यांच्या हेतूंबद्दल तुम्ही इतके भाबडे कसे? भाबडा मी नाही. ऑक्सफर्डचे बोडन अध्यासन कशासाठी निर्माण झाले, हे ज्ञात आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतील कर्नल बोडन यांनी आपली संपत्ती ठेवली ती बायबलच्या संस्कृत भाषांतराला चालना मिळून हिंदूंचे धर्मांतर सुकर व्हावे म्हणून. १८३२ मध्ये विल्सन त्या अध्यासनावर पहिले प्राध्यापक झाले आणि १८६० मध्ये मोनियर विल्यम्स निवडून आले. हा हेतू त्यांनी आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगून ठेवला आहे. तो शब्दकोश मात्र आजही आपल्या प्रत्येक संस्कृत विभागाच्या कपाटात आहे, कारण त्याला पर्याय म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुरू झालेला संस्कृतचा महाकोश पिढ्या उलटल्या तरी पूर्ण झालेला नाही. हेतूंवर भाषणे देता येतात. कोशाला उत्तर कोशानेच द्यावे लागते.

आणि आपल्यात ती ताकद नव्हती असेही नाही. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी कोण होते? कोकणातून आलेला हा माणूस १९१९ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवू लागला. कलचुरींच्या कोरीव लेखांचा महाग्रंथ त्यांनी १९५५ मध्ये दिला, वाकाटकांचा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी म्हणजे रामटेक, हे त्यांनी ठामपणे मांडले. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे त्यांचे मत होते. पुढे मनसरच्या टेकडीवर जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात प्रवरेश्वराचे मंदिर उजेडात आल्यावर त्या मताचा फेरविचार झाला. शास्त्र असेच पुढे जाते, आणि मिराशींचा मोठेपणा त्याने तसूभरही कमी होत नाही. बाकर यांनाही प्रत्येक पानावर मिराशींना उत्तर देतच पुढे जावे लागले आहे. नागपूर विद्यापीठाचे डॉ. अजयमित्र शास्त्री यांनी १९७५ ते १९७७ या काळात कुही तालुक्यातील मांढळ येथे उत्खनन केले आणि ज्या अपूर्व शैव मूर्ती बाहेर काढल्या, त्यांच्यावरच ग्रोनिंगेनचा १९९७ चा ग्रंथ बराचसा उभा आहे. म्हणजे खोदले आम्ही, प्रथम वाचलेही आम्ही. मग २००२ मध्ये शास्त्री गेले. मिराशींनंतर शास्त्री होते, शास्त्रींनंतर त्या तोलाचे कोण? हा प्रश्न मी अनेकांना विचारला. उत्तरे देताना बहुतेकांचा आवाज खाली गेला.

याला जबाबदार कोण? मॅकॉलेला शिव्या देऊन फार दिवस झाले. आता सत्ता आपल्या विचारांची, शैक्षणिक धोरण आपल्या भाषेत बोलणारे, अभ्यासक्रमात भारतीय ज्ञान परंपरेला गुणांकन. उत्तम! पण ही परंपरा वर्गात शिकवायची कोणी? तासिका तत्त्वावर नेमलेल्या, सुट्टीत वेतन नसलेल्या आणि पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही याची खात्री नसलेल्या प्राध्यापकाने? विदर्भातील वाकाटकांचे लेख पेटिकाशीर्ष ब्राह्मीत कोरलेले आहेत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी पेटी, देखणी आणि डोळ्यांची परीक्षा पाहणारी लिपी. ती आत्मसात करायला वर्षे लागतात. अर्ध्या तासिकेच्या मानधनावर ती विद्या टिकत नाही. रामटेकला १९९७ मध्ये कालिदासांच्या नावे संस्कृत विद्यापीठ झाले, रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली. या प्रत्येक प्रसंगी आम्ही पेढे वाटले. अभिजाततेचा पुरावा ज्या ताम्रपट-शिलालेखांतून काढायचा, तो वाचणारे पद मात्र भरले आहे की रिक्त, हे विचारायला कोणी गेले नाही.

काळे ढग तिकडेही आहेत, हेही लक्षात ठेवावे. केंब्रिजने २००६ मध्ये संस्कृतचा पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. नेदरलँड्समध्ये सरकारी कपातीच्या सावटाखाली २०२४ च्या अखेरीस उट्रेख्ट विद्यापीठाने फ्रेंच, जर्मन, इटालियन यांसारखे अभ्यासक्रमही बंद करण्याचे जाहीर केले. जे आपल्या शेजाऱ्यांच्या भाषा शिकवणे थांबवतात, ते आपल्या प्रभावतीगुप्तेसाठी अध्यासन किती काळ राखतील? उद्या तेथील दिवा मालवला तर आमचे ताम्रपट वाचायला जगात कोण उरेल?

आपल्याकडे होऊ शकते, याचा पुरावा दूर नाही. नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून उत्खनन केले आणि प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंख कोरलेली मातीची मुद्रा बाहेर आली. इवलीशी वस्तू, पण राजधानीच्या ओळखीवर शिक्का मारणारी. ती आपल्याच तरुण संशोधकांनी शोधली, आपल्याच लोकांनी वाचली. त्या बातमीवर किती शाखांत, किती गणेश मंडळांत चर्चा झाली? आमच्या मंडळाने त्या वर्षी काय देखावा केला होता ते आठवले की मला माझीच लाज वाटते. वर्गणी मीही दिली होती.

पैसा नाही, हे तर कोणी सांगूच नये. लकडगंज, इतवारी, वर्धमाननगर या पट्ट्यात एका लग्नसराईत मंडप आणि रोषणाईवर जे उधळले जाते, त्याच्या व्याजावर एक पुराभिलेख अध्यासन कायमचे चालेल. येथील व्यापाऱ्यांनी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया उभारल्या, रुग्णालयांना खाटा दिल्या. शिलालेख वाचणाऱ्या प्राध्यापकाचे वेतन हाही धर्मादायच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. सांगायचे काम आमचे, लेखणी चालवणाऱ्यांचे होते. कर्नल बोडनने आपल्या धर्मासाठी जे केले, ते आमच्या एखाद्या शेठजींनी आमच्या धर्मासाठी का करू नये?

मी त्या व्यापाऱ्यांना हेच म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे भाऊ. पोरीला पाठवतो. पैशाचंही बघू. पण ती लिपी तिला शिकवील कोण, ते नाव सांगा."

मी दोन नावे सांगितली. त्यांपैकी एक सेवानिवृत्त आहेत आणि दुसरे पुण्यात असतात.