पंचवीस गुणांची खिरापत

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेळाडूंच्या वाढीव गुणांवरून दरवर्षी तोच वाद. एक म्हणतो, पळतात मैदानावर, मग मार्क पेपरात कशाला? दुसरा म्हणतो, एवढा घाम गाळतात पोरं, पंचवीस गुणांनी काय बिघडतं? मला विचाराल तर दोघांचंही चुकतंय. गुण देणं हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त उपाय आहे. बोर्ड २५ पर्यंत देतं, पुढे मुंबई विद्यापीठ काठावर नापास होणाऱ्याला १० पर्यंत देतं. कुणाचा एक रुपया खर्च होत नाही. स्पर्धेपायी बुडलेला महिनाभराचा अकाउंट्स मात्र त्या मुलाला कुणीच शिकवत नाही!

आमच्या नेरूळमधली एक मुलगी, कबड्डी खेळते. शाळेत असतानाच एका कॉलेजचे सर मैदानावर येऊन 'आमच्याकडेच ये' म्हणून गेले. प्रवेश स्पोर्ट्स कोट्यातून. पहाटे हार्बर लोकल, सकाळी सराव, दुपारी लेक्चरला डुलक्या. डिसेंबरात कॉलेजच्या गेटवर तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, आणि आत नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्टमध्येही तिचं नाव, हजेरी ७५ टक्के नाही म्हणून. एकाच आठवड्यात. स्पर्धेला पाठवलं कुणी? कॉलेजनेच ना?

आता कुणीतरी म्हणेलच, "सचिन कुठे कॉलेजात गेला होता?" मान्य. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून तो शारदाश्रमात गेला, पुढचं जगाला माहीत आहे. पण मैदानावरची बाकीची पोरं सचिन नसतात हो. गुडघा गेला की तेविसाव्या वर्षी त्यांना नोकरी शोधायची असते.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची एनसीएए नावाची संस्था आहे. तिच्या वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर शाळेत इंग्रजी, गणित, विज्ञान वगैरे धरून १६ ठरावीक विषय झालेले लागतात, आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी. प्रशिक्षकांनी शाळकरी मुलांना कधीपासून गाठायचं यालाही नियम. प्रवेशानंतर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६०. नाहीतर बाहेर बसा.

तेही काही संत नाहीत. टीव्हीचे करोडो रुपये वर्षानुवर्षं कमावले, आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा दिली ती २०२१ साली. १९८३ च्या गुणांच्या अटीने कृष्णवर्णीय मुलंच जास्त अडवली गेली, अशी टीका झाली, ती रास्तच होती. परीक्षेच्या गुणांची अट त्यांनी २०२३ मध्ये काढून टाकली. पण एक गोष्ट तिथे घडते. खेळाडू नापास झाला तर प्रशिक्षकाचा संघ लंगडा होतो, म्हणून अभ्यासाची काळजी प्रशिक्षकालाही करावी लागते. आपल्याकडे ती काळजी एकट्या आईबापांची.

म्हणून वाढीव गुण द्या किंवा काढा, मला फारसं सोयरसुतक नाही. कोट्यातून मुलगा घेतलात तर बुडलेले तास भरून द्या, आणि स्पर्धेच्या तारखेला परीक्षा आली तर त्याची वेगळी घ्या. आणि हो, प्रॉस्पेक्टसमध्ये पदकांचे रंगीत फोटो छापता ना, त्यांच्या खाली एक आकडाही छापा: गेल्या पाच वर्षांत कोट्यातून आलेल्यांपैकी पदवी घेऊन किती जण बाहेर पडले?