कोण आलं नाही?

लातूरच्या आमच्या रोटरी क्लबची घंटा पितळेची आहे. दर गुरुवारी रात्री आठ वाजता अध्यक्ष ती वाजवतात आणि सभा सुरू होते. २०२० च्या मार्चमध्ये ती हॉलच्या कपाटात राहिली. हॉलला कुलूप लागलं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो शिपाई औसा तालुक्यातल्या आपल्या गावी निघून गेला. त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी करोनामुळे देशाला टाळं लागलं. लातूर शहर एरवी वर्षातून एकदाच ओस पडतं, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. पण तेव्हा सगळं गाव शेतात भज्जी-आंबिलीच्या पंगतीला बसलेलं असतं. यावेळी गंजगोलाईची बाजारपेठही रिकामी होती आणि शेतंही.

एप्रिलमध्ये कुणीतरी सुचवलं, मोबाईलवर सभा भरवू. घंटा नव्हती, म्हणून अध्यक्षांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला मागवला आणि त्यावर चमचा वाजवला. त्या रात्री कामकाज असं काही झालंच नाही. ‘आवाज येतोय का’, ‘माईक बंद करा की हो’ यातच अर्धा तास गेला. एकाच्या मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आमचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात, त्यांनी मोबाईल टेबलावर आडवा ठेवलेला. त्यामुळे सर दिसतच नव्हते, दिसत होता त्यांच्या घरातला छताचा पंखा. सचिवांनी मात्र एक काम नेमानं केलं. वही उघडली आणि विचारलं, ‘‘कोण आलं नाही?’’

या हजेरीची आम्ही आयुष्यभर थट्टा केली आहे. सेवाभावी क्लब म्हटलं की लोकांना आठवतात शाल-श्रीफळ, बॅनरवरचे फोटो, गळ्यातली कॉलर, जुलैतला पदग्रहण सोहळा आणि शेवटी जेवण, ज्याला आम्ही भारदस्तपणे ‘फेलोशिप’ म्हणतो. टीका करणाऱ्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. त्या सगळ्यात हजेरीचं प्रस्थ सर्वांत हास्यास्पद वाटायचं. रोटरीत कितीतरी वर्षं दंडक होता, निम्म्या तरी सभांना हजर राहिलंच पाहिजे, सलग चार सभा चुकल्या तर सदस्यत्व धोक्यात. २०१६ मध्ये हे नियम बरेच सैल झाले. पण जुन्यांची सवय जात नाही. नांदेडचा एखादा सदस्य आडतीच्या कामाला लातूरला आला, की संध्याकाळी इथल्या सभेत बसून जाणार आणि तशी चिठ्ठी घेऊन जाणार, म्हणजे तिकडची चुकलेली हजेरी भरून निघाली. याला ‘मेक-अप’ म्हणतात, हे ऐकून आमच्या घरच्या बायका अजून हसतात.

हा हट्ट आला कुठून? शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील होता. लहान गावात वाढलेला, मोठ्या शहरात एकटा पडलेला. गावाकडची ओळखपाळख शहरात कशी मिळवायची, या विवंचनेत त्यानं २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिघांना सोबत घेऊन पहिली बैठक केली. पुढे आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव पडलं रोटरी. १९१७ मध्ये त्याच शहरात लायन्सची सुरुवात झाली. सेवा, प्रकल्प, निधी हे सगळं मागाहून आलं. बी पेरलं गेलं ते एकटेपणातून. एकट्या माणसाला काय हवं असतं? आपण आलो नाही, तर ते कुणाच्या तरी लक्षात यावं, एवढंच.

आपल्या भागाला संकटं नवी नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. बावन्न गावं नव्यानं वसवावी लागली. त्या पहाटे ज्याला जे सुचलं ते घेऊन माणसं धावली. ढिगाऱ्यावर हात चालत होते, ओळख नंतर झाली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हा गल्लीगल्लीत टँकरची रांग लावायला, भांडणं मिटवायला पोरं उभी राहिली. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस उलटंच झालं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. या सगळ्या वेळी मदत म्हणजे धावून जाणं, हेच आपल्याला ठाऊक होतं. करोनानं ते पाठांतर मोडलं. धावून जाणाराच धोक्याचा ठरला. दारात उभं राहून लांबूनच ‘बरं आहे का’ विचारायचं आणि पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून परत फिरायचं, हे आपल्या हाडात नव्हतं.

नांदेडनं त्या दिवसांत एक वेगळी रीत दाखवली. सचखंड गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आलेले चार हजारांच्या घरातले भाविक टाळेबंदीत अडकले. एप्रिल संपता संपता बसगाड्या येऊन ते आपापल्या घरी निघाले. तोवर लंगर त्यांना जेवू घालत होता. लंगरात हजेरीपट नसतो. पंगतीत बसला तो आपला, त्याचं नाव-गाव कुणी विचारत नाही. आमच्या क्लबची रीत याच्या नेमकी उलट: जो बसला नाही, त्याचंच नाव आधी घ्यायचं. समाजाला या दोन्ही रीती लागतात. आलेल्याला विचारू नये, ‘तू कोण?’ आणि न आलेल्याला विचारल्याशिवाय राहू नये, ‘का आला नाहीस?’

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा न आलेल्याला विचारण्याचा अर्थ कळला. २०२१ च्या एप्रिलमध्ये नमस्कार-चमत्कार संपले होते. फोन उचलला की पहिला प्रश्न सीटी स्कॅनचा, ‘स्कोअर किती आला?’ रेमडेसिविर कुठे मिळेल, ऑक्सिजनचा बेड कुठे रिकामा आहे, दिवसभर तेच. मोबाईलवरच्या सभा सुरूच होत्या आणि नांदेडची काही मंडळी आमच्याकडे ‘मेक-अप’ला येऊन बसायची, आता चिठ्ठीशिवाय आणि प्रवासाशिवाय. त्यांतल्या एकानं एका रात्री सरांना फोन लावला. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झालेली नव्हती. तो म्हणाला, ‘‘सर, तुमचा पंखा दोन गुरुवार दिसंना गेलाय. काय करायलाव?’’

सर हसले. हसता हसता ढास लागली, ती थांबेना. समोरच्यानं ओळखलं. सर आणि त्यांच्या पत्नी, दोघंही बरेच दिवस तापानं पडून होते. मुलगा पुण्यात; त्याला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं, शेजाऱ्यांना भीती वाटेल म्हणून त्यांनाही नाही. नांदेडहून लातूरला फोन आला, इथल्या आमच्या डॉक्टर मित्रानं सरांना फोनवरच बोटाला ऑक्सिमीटर लावायला सांगितलं. आकडा नव्वदच्या खाली होता. पुढचं सगळं झालं ते तासाभरात: गाडी, बेड आणि घरी त्यांच्या पत्नीसाठी डबा. सर बरे होऊन परतले. पुढच्या सभेला पुन्हा पंखाच दिसला आणि यावेळी कुणीही त्यांना मोबाईल सरळ करायला सांगितलं नाही.

ही गोष्ट इथेच थांबवली असती, तर आमच्या क्लबची शोभा राहिली असती. पण संपादकीयात अर्धं सांगून चालत नाही.

सरांकडे मोबाईल होता, पंखा होता, आणि क्लबच्या वहीत नाव होतं. ज्याचं नाव कुठल्याच वहीत नाही, त्याचं काय? आडत बंद झाली तेव्हा पोती उचलणारे हमाल कुठे गेले? घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘आता येऊ नका’ सांगितलं, त्यानंतर किती घरांतून त्यांना फोन गेला? बचत गटांच्या बायकांनी शिवलेले मास्क आपण सगळ्यांनी बांधले, पण त्यांच्या घरी कोण आजारी आहे हे विचारलं का? आणि दूर कशाला जायचं? २०२० च्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली मंदिरं उघडली. आम्हीही ठरवलं, हॉल उघडू या, घंटा बाहेर काढू या. मग किल्लीची आठवण झाली, आणि किल्लीवरून शिपायाची. दर गुरुवारी हजेरी मांडणाऱ्या आम्हा मंडळींपैकी एकानंही आठ महिन्यांत त्याला फोन केला नव्हता. त्याचा पगार हॉलच्या भाड्यातून निघायचा आणि भाडं बंद होतं. तो किल्ली घेऊन आला, कुलूप काढलं, घंटा पुसून टेबलावर ठेवली. अध्यक्ष ओशाळून काहीतरी बोलायला लागले तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘फोन करायचा की साहेब. मी होतोच की गावाकडं.’’

पल्स पोलिओच्या मोहिमेतली एक खूण आठवते. १९९५ पासून आपल्याकडे ही मोहीम चालली आणि रोटरीचे सदस्य तिच्यात बूथवर उभे राहिले. घरोघर फिरणारी ताई दारावर खडूनं लिहायची. सगळी मुलं डोस घेतलेली असली तर ‘पी’. एखादं मूल राहिलं असलं, मामाच्या गावी गेलेलं असलं, तर ‘एक्स’. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं ते या ‘एक्स’च्या दारांवर. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त ठरला, तो राहून गेलेल्या मुलांच्या मागे असं पुन्हा पुन्हा गेल्यामुळे. मोहिमेत आम्ही हे मनापासून करत होतो, आमच्या स्वतःच्या उंबऱ्यावर मात्र खडू घेऊन उभं राहायचं विसरलो.

म्हणून या दिवाळीला आमची सूचना साधी आहे, आणि ती फक्त क्लबांसाठी नाही. भिशी असो, भजनी मंडळ असो, गणेश मंडळ असो की सकाळी चहाला जमणारा कट्टा, ज्याच्याकडे वही आहे त्यानं तिच्यात एक पान जास्तीचं घालावं. त्यावर सदस्य नसलेल्यांची नावं लिहावीत: किल्ली सांभाळणाऱ्याची, झाडणाऱ्याची, पेपर टाकणाऱ्याची, गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींची. आठवड्यातून एकदा ते पान वाचावं. वाचायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

२०२० मध्ये हा दिवाळी अंक छापला गेला नाही. मोबाईलवर जेवढा पोचला तेवढाच. लक्ष्मीपूजनाच्या आसपास उदगीरहून एका वाचकाचा फोन आला. अंक का आला नाही, असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, ‘‘अंक दिसला नाही, म्हटलं तब्येत तर बरी आहे ना?’’ १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून संपादक वाचकांची वाट पाहत आलेत; पण वाचकही आमची हजेरी घेतात, हे त्या फोननं शिकवलं. या अंकात कथा आहेत, कविता आहेत, सोयाबीन पाण्यात गेलेल्या शेतकऱ्याशी बांधावर मारलेल्या गप्पा आहेत. लेखक, चित्रकार, जाहिरातदार आणि छापखान्यातल्या मंडळींचे आभार. टाळेबंदीतही ते फोन उचलत राहिले.

आपल्याकडे फराळाचं ताट रिकामं परत करत नाहीत. २०२० च्या दिवाळीत भीतीपोटी पुष्कळ ताटं निघालीच नाहीत. आता काढा. मात्र कोणत्या दारी जायचं हे ठरवताना नेहमीची घरं मोजू नका. आधी आठवा, तेव्हा कोण आलं नाही.

आमच्या क्लबच्या वहीत ते नवं पान लागलं आहे. पहिलं नाव किल्ली सांभाळणाऱ्याचं आहे.